स्क्रू फिरवण्याआधी वही उघडा: जुन्या गाडीचं कार्ब्युरेटर ट्यूनिंग

घरात बाबांची किंवा काकांची जुनी गाडी उभी आहे. स्प्लेंडर, सीडी हंड्रेड, बुलेट, आरएक्स हंड्रेड, कुठलीही असेल, आणि ती आता तुमच्या ताब्यात आली आहे, असं धरून हे लिहितोय. सकाळी दहा-बारा किका मारल्याशिवाय ती सुरू होत नाही. झालीच तर पुण्यातल्या नळ स्टॉपच्या सिग्नलला बंद पडते. एव्हरेज साठवरून चाळिशीत आलंय. ज्याला विचाराल तो म्हणतो, "कार्बेटर करून घे."

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे धुराच्या प्रदूषणाचे निकष लागू झाले आणि नव्या गाड्यांत कार्ब्युरेटरची जागा फ्युएल इंजेक्शनने घेतली. जुन्या गाड्या नीट जाणणारे मेस्त्री अजून आहेत, पण त्यांच्या दारात संध्याकाळी सातला गाड्यांची रांग असते आणि रांगेतल्या गाडीच्या वाट्याला दोन-तीन मिनिटं येतात. तीस वर्षं हे काम केलेल्या माणसाचा कान दोन मिनिटांत जे ऐकतो, ते आपल्याला ऐकू येणार नाही. आपल्याकडे रविवारची मोकळी सकाळ असते. ती वापरायची आणि वही जवळ ठेवायची. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बदलण्याआधी ती कुठे होती ते लिहायचं आणि बदलल्यावर काय झालं तेही लिहायचं. एवढं पाळलंत तर गाडी आहे त्यापेक्षा बिघडणार नाही, कारण मूळ जागी परत जायचा रस्ता वहीत असेल.

आत नेमकं काय चालतं

कार्ब्युरेटरचं काम हवेत पेट्रोल मिसळायचं. पूर्ण जळण्यासाठी १ ग्रॅम पेट्रोलला साधारण १४.७ ग्रॅम हवा लागते. पेट्रोल त्याहून जास्त झालं की गाडी 'रिच' चालते आणि कमी पडलं की 'लीन'. रिच गाडी काळा धूर सोडते, पेट्रोल पिते, प्लग काळा करते. लीन गाडी गरम होते, सायलेन्सरमधून फटाके मारते, पिकअपला अडखळते. आरएक्ससारखी टू-स्ट्रोक गाडी लीन चालवत राहिलात तर पिस्टन जाम होण्याची भीती असते, म्हणून या दोघांत लीनला जास्त घाबरायचं.

खाली वाटी असते, तिच्यात फ्लोट. घरातल्या टाकीतला फुगा जे करतो तेच हा करतो: पेट्रोल ठरावीक पातळीला आलं की फ्लोट वर येऊन पिन बंद करतो. वाटीतून पेट्रोल वर जायला तीन वाटा आहेत (जेट म्हणजे मोजून पाडलेल्या भोकाचा पितळी तुकडा). ॲक्सिलरेटरची मूठ सोडलेली असताना आणि जेमतेम पाव फिरेपर्यंत स्लो जेटचा अंमल. पावपासून पाऊणपर्यंत मुठीबरोबर वर-खाली होणाऱ्या स्लाइडला लटकलेल्या सुईचा. त्यापुढे मेन जेटचा. या सीमा काटेकोर नाहीत, एकीत दुसरी मिसळते, पण तक्रार शोधायला एवढं पुरतं.

म्हणून सगळ्यात आधी ॲक्सिलरेटरच्या मुठीवर आणि शेजारच्या स्विचच्या डबीवर पांढरी चिकटपट्टी लावा. डबीवर एक रेघ, मुठीवर बंद, पाव, अर्धी, पाऊण अशा चार. मग दोन दिवस गाडी नेहमीसारखी चालवा. अडखळली की थांबल्यावर वहीत लिहा: मूठ कुठल्या रेघेवर होती, इंजिन थंड होतं की गरम, चढ होता की सपाट. "गाडी मिसिंग मारते" यावरून मेस्त्रीला काहीच कळत नाही. "पाव मुठीवर, गरम झाल्यावर, सिंहगड रोडच्या सपाटीला झटके" यावरून अर्धं निदान झालेलं असतं.

कार्ब्युरेटरवर आळ घ्यायच्या आधी

या भागावर मी मुद्दाम जास्त वेळ घालवतो, कारण 'कार्बेटर' म्हणून आलेल्या निम्म्याअधिक तक्रारी माझ्या अनुभवात इथेच संपल्या आहेत.

एअर फिल्टर काढा. पुण्याच्या खोदलेल्या रस्त्यांवर वर्षभर गाडी चालली की फिल्टरचा रंग ओळखू येत नाही. हवा अडली की गाडी आपोआप रिच होते, आणि ते न बघता स्क्रूने लीन केलीत तर पुढच्या वेळी नवा फिल्टर टाकल्यावर ती भलतीच लीन होणार. फोमचा फिल्टर रॉकेलमध्ये किंवा साबणाच्या पाण्यात धुऊन, पूर्ण वाळवून, इंजिन ऑइलचा हलका हात देऊन पिळून लावायचा. कागदी फिल्टर धुवायचा नाही, बदलायचा.

प्लग काढून बघा. टोकाचा पांढरा भाग बिस्किटासारखा फिकट तपकिरी असेल तर उत्तम. काजळीसारखा कोरडा काळा म्हणजे रिच. ओला, तेलकट काळा म्हणजे वेगळा आजार: रिंग किंवा व्हॉल्व्ह सील. पांढराफटक म्हणजे लीन. गॅप फीलर गेजने मोजा. स्प्लेंडरसारख्या गाड्यांना ०.६ ते ०.७ मिलिमीटर लागतो. टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, इंजिन पूर्ण थंड असताना पुस्तकात दिलेल्या मापाला जुळवा. टॅपेट आवळलेले असतील तर आयडलिंग (मूठ सोडल्यावरची इंजिनची चाल) कितीही जुळवा, टिकत नाही.

मग केबल. मुठीला दोन ते सहा मिलिमीटर मोकळा खेळ हवा. गाडी सुरू ठेवून हँडल पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे फिरवा. आवाज वाढला तर केबल ताणली जातेय, आणि त्या अवस्थेत केलेलं ट्यूनिंग वाया जाईल.

पेट्रोलची वाटही तपासा. दोन-तीन किलोमीटर नीट चालून गाडी गुदमरून बंद पडते आणि टाकीचं झाकण उघडल्यावर पुन्हा चालते, तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय. कार्ब्युरेटरचा काही दोष नाही.

आणि शेवटी, इंजिन आणि कार्ब्युरेटर यांच्यामधला रबराचा जोड. माझ्या बाबांच्या गाडीची रेस गरम झाल्यावर वर चढून तिथेच राहायची, मूठ सोडली तरी खाली यायला वेळ घ्यायची. एका गॅरेजात कार्ब्युरेटर दोनदा उघडला, जेट बदलले, पैसे गेले, तक्रार तीच. मी तो रबरी जोड काढून अंगठ्याने वाकवला. वरून गुळगुळीत दिसत होता, पण वाकवल्याबरोबर खालच्या बाजूला नखभर लांबीची भेग ओठासारखी उघडली. गाडी तिथून चोरून हवा घेत होती. जोड बदलला आणि त्याच दिवशी तक्रार मिटली. तुम्हाला शंका असेल तर गाडी आयडलिंगला ठेवून त्या जोडावर पाण्याचा बारीक फवारा मारा. आवाज बदलला तर हवा तिथूनच जातेय. कार्ब्युरेटर क्लीनरचा फवारा चालू इंजिनवर मारायची पद्धत दिसते, ती करू नका. तो पेट घेतो.

सफाई

गाडी उघड्यावर घ्या. सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये हे काम नको: पेट्रोलची वाफ जड असते, खाली साचते, आणि इंजिन चालू ठेवलं की कार्बन मोनॉक्साइडही साचतो. जवळ विडी-सिगारेट नको, वाळूची बादली किंवा अग्निशामक असू द्या. डोळ्यांना चष्मा लावा, कारण जेटमधून हवा मारताना पेट्रोल उलटं डोळ्यात येतं.

पेट्रोल कॉक बंद करा. वाटीच्या तळाला ड्रेन स्क्रू असतो, तो सैल करून नळीतून येणारं पेट्रोल पारदर्शक काचेच्या बाटलीत धरा आणि बाटली उन्हात तिरकी करा. पाणी असेल तर तळाशी वेगळा थर किंवा इकडून तिकडे घरंगळणारा गोल थेंब दिसेल. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. पावसाळ्यात महिनाभर उभ्या राहिलेल्या गाडीत म्हणूनच हे जास्त दिसतं. पंधरा दिवसांपेक्षा जास्त गाडी उभी राहणार असेल तर कॉक बंद करून वाटी रिकामी करायची सवय लावा. जुन्या रबरी नळ्या आणि ओ-रिंगाही इथेनॉलने फुगतात, तेव्हा उघडलाच आहे तर त्या बदलून घ्या.

वाटी काढण्याआधी चारी बाजूंनी फोटो काढा. स्क्रू मऊ असतात, म्हणून बरोबर बसणाराच स्क्रू ड्रायव्हर घ्या आणि दाबून फिरवा. आत मोठ्या भोकाचा जेट असेल तो मेन, शेजारी खोल भोकात बसलेला बारीक तो स्लो. स्लो जेट काढून आकाशाकडे धरा. आरपार भोक अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक असतं, पण स्वच्छ असेल तर प्रकाशाचा पूर्ण गोल ठिपका दिसतो. चंद्रकोरीसारखा अर्धा दिसला तर आत वाळलेल्या पेट्रोलचं वार्निश जमलंय. क्लीनरमध्ये तासभर भिजवून पंपाची हवा मारा. सुई, तार, गिटारची तार आत घालायची नाही. पितळ मऊ असतं, भोक कणभर मोठं झालं तरी जेटचा नंबर खोटा ठरतो आणि वरून काही कळत नाही. अगदीच नाइलाज झाला तर नायलॉनचा बारीक दोरा.

नवा जेट घ्यायला नाना पेठेत जात असाल तर जुना खिशात घेऊन जा आणि त्यावरचा नंबर जुळवून घ्या. 'गाडीचं नाव सांगितलं की देतात' यावर विसंबू नका. एकाच नावाच्या गाडीत वर्षागणिक जेट बदललेले असतात. बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात कार्ब्युरेटरचे ढीग दिसतील. वाटी, झाकण असले भाग तिथून घ्यायला हरकत नाही, पण वापरलेला जेट आणि फ्लोटची पिन मी कधीच घेणार नाही.

पिनचं टोक भिंगाखाली बघा. त्यावर गोल चर पडला असेल तर ओव्हरफ्लो ठरलेलाच. (रस्त्यातच ओव्हरफ्लो सुरू झाला तर वाटीवर स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने हलके दोन ठोके द्या. कचरा अडकलेला असेल तर निघून जातो आणि घरापर्यंत पोहोचता येतं.)

आता स्क्रू

कार्ब्युरेटरवर बाहेरून दोन स्क्रू दिसतात. एक स्लाइडला टेकू देणारा, तो आयडलिंगचा. आत फिरवला की रेस वाढते. दुसरा मिश्रणाचा, आणि सगळा घोळ याचाच, कारण तो दोन जातींचा असतो. एअर फिल्टरकडच्या बाजूला असेल तर तो एअर स्क्रू: आत फिरवला की हवा कमी होते, म्हणजे गाडी रिच होते. जुन्या बुलेटच्या मिककार्बमध्ये, आरएक्समध्ये हा प्रकार. इंजिनकडच्या बाजूला असेल तर तो मिश्रणच अडवतो: आत फिरवला की गाडी लीन. नंतरच्या बऱ्याच १५० सीसी गाड्यांच्या व्हॅक्यूमवर चालणाऱ्या कार्ब्युरेटरमध्ये असा असतो. तुमचा कुठला आहे ते आताच वहीत लिहून टाका, म्हणजे हात ग्रीसने माखलेले असताना विचार करावा लागणार नाही.

इंजिन पूर्ण गरम हवं. कोथरूडात राहत असाल तर वारज्यापर्यंत चक्कर मारून या. उभ्या उभ्या दहा मिनिटं रेस करणं म्हणजे गरम करणं नव्हे. चोक बंद आहे ना, बघा.

गाडी बंद करा. मिश्रणाचा स्क्रू अर्धा-अर्धा फेरा मोजत आत न्या आणि टेकला की थांबा. माझ्या पहिल्या वेळी मी तो आवळला. टोक आत तुटून बसलं आणि पूर्ण बॉडी बदलावी लागली. ज्या मेस्त्रीकाकांकडे ती घेऊन गेलो ते म्हणाले, "अरे, हा आवळायचा स्क्रू नाही. नुसता टेकला पाहिजे." दोन बोटांनी फिरवा, मुठीने नाही. किती फेऱ्यांत टेकला तो आकडा वहीत: समजा, पावणेदोन. हा तुमचा परतीचा पत्ता.

पुस्तकात आकडा असेल तर त्यावर उघडा. नसेल तर दीड ते दोन फेरे ही बऱ्याच गाड्यांची बरी सुरुवात. गाडी सुरू करून आयडलिंग नेहमीपेक्षा थोडं वर ठेवा. आता मिश्रणाचा स्क्रू पाव-पाव फेरा बाहेर काढत जा, आणि प्रत्येक पावानंतर दहा सेकंद थांबा. इंजिनला बदल पोहोचायला वेळ लागतो, आणि घाईने फिरवणारा नेहमी योग्य जागा ओलांडून पुढे जातो. रेस चढत जाईल, एका जागी स्थिर होईल, मग पुन्हा उतरायला किंवा डगमगायला लागेल. चढण थांबलेली जागा आणि उतरण सुरू झालेली जागा, दोन्ही लिहा. मधली जागा तुमची.

गाडीला आरपीएमचा काटा नसेल आणि कानाची खात्री वाटत नसेल तर जुन्या स्प्लेंडरसारख्या गाड्यांत एक छान सोय आहे. त्यांचा हेडलाइट थेट इंजिनबरोबर फिरून वीज बनवणाऱ्या मॅग्नेटोवर चालतो, रेससोबत कमी-जास्त होतो. तिन्हीसांजेला गाडी भिंतीसमोर दोन हात अंतरावर उभी करा, लाइट लावा आणि भिंतीवरच्या उजेडाकडे बघत स्क्रू फिरवा. कानाला न जाणवणारा फरक तिथे दिसतो: उजेड थरथरत असेल तर इंजिन डगमगतंय, स्थिर झाला की जागा सापडली.

मधल्या जागेवरून अष्टमांश फेरा रिचच्या बाजूला सरका. अगदी टोकावर जुळवलेली गाडी डिसेंबरच्या सकाळी, पारा १० अंशांवर असताना, त्रास देते. मग आयडलिंगचा स्क्रू सोडत नेहमीच्या जागी आणा. स्प्लेंडरला १४०० आरपीएमच्या आसपास, बुलेटला त्याहून बरंच सावकाश. आयडलिंग बदललं की मिश्रण कणभर हलतं, म्हणून पूर्ण फेरी एकदा पुन्हा करा.

मूठ झटकन पाव उघडून सोडा. आधी "हं" करून अडखळली आणि मग उचलली, तर लीन. जडपणे "भुर्र" करत उचलली, तर रिच. सोडल्यावर रेस वरच लटकली, तर लीन किंवा हवा चोरतेय, मागच्या भागाकडे परत जा.

आणि स्क्रूची चांगली जागा एका फेऱ्याच्या आत किंवा तीन फेऱ्यांच्या पलीकडे सापडत असेल, तर स्क्रू फिरवणं थांबवा. स्लो जेट बुजलाय किंवा चुकीच्या नंबरचा बसलाय. तिथे स्क्रूने केलेली मलमपट्टी आठवडाभर टिकते.

सुई आणि मेन जेट

नवख्याने याला शक्यतो हात लावू नये. कंपनीचा फिल्टर आणि कंपनीचा सायलेन्सर असेल तर मेन जेट बदलायची गरज क्वचितच पडते. सुईला खाचा असलेल्या गाडीत अर्ध्या मुठीला तक्रार असेल तरच क्लिप एक खाच हलवा: क्लिप खाली गेली की सुई वर येते आणि गाडी रिच होते. एकच खाच, मग दोन दिवस चालवून नोंद.

राजदूत आरडी ३५० सारखी जुळी सिलिंडरवाली गाडी असेल तर कार्ब्युरेटरही दोन, आणि तिथे मिश्रणापेक्षा दोन्ही स्लाइड एकाच क्षणी उचलल्या जाणं महत्त्वाचं. फिल्टर काढून एकेक बोट दोन्ही स्लाइडखाली ठेवा, दुसऱ्याला मूठ सावकाश फिरवायला सांगा. एक आधी उचलली तर तिच्या केबलचा ॲडजस्टर जुळवा. हे इंजिन बंद ठेवून करायचं. त्यानंतरच स्क्रू.

रस्त्यावर तपासणी

पीयूसी संपत आली असेल तर ती आताच काढा. प्रमाणपत्रावर कार्बन मोनॉक्साइडचा आकडा छापलेला असतो, आणि तो आयडलिंगच्या मिश्रणाचा सरळ आरसा आहे. २००० नंतरच्या, बीएस-४ येण्याआधीच्या फोर-स्ट्रोक दुचाकींना मर्यादा ३.५ टक्के. पास झाली म्हणून खिशात घालू नका. आकडा तीनच्या वर असेल तर घरी येऊन स्क्रू पुन्हा अष्टमांश लीनकडे न्या. तो आकडा वहीत उतरवा, पुढच्या वेळी ताडून बघायला.

मग बोपदेव घाट. तिसऱ्या गिअरमध्ये अर्ध्या मुठीवर चढवा, वर सुरक्षित जागी बाजूला घेऊन थेट बंद करा, दहा मिनिटं थांबून प्लग काढा. उभ्या गाडीच्या प्लगवर आयडलिंगची काजळी असते. चढावरून आलेल्या प्लगवर खरा रंग असतो. पाना आणि जाड फडकं सोबत न्या, प्लग भाजतो.

सिंहगडावर गाडी थोडी जड वाटली तर मात्र काही करू नका. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे, गड १३०० मीटरच्या आसपास. वर हवा सुमारे सात टक्के विरळ, जेट तोच, म्हणून गाडी जराशी रिच होते. खाली उतरली की पूर्ववत होते. हाच नियम लावला तर कोकणातून आणलेली गाडी पुण्यात थोडी रिच का चालते तेही कळेल. तिला इथे एकदा नव्याने जुळवावं लागतं.

सुरुवातीच्या शंभर किलोमीटरनंतर प्लग पुन्हा काढा. बिस्किटाचा रंग आला असेल तर वहीतल्या शेवटच्या आकड्याभोवती चौकोन काढा, तारीख घाला, आणि तोच आकडा सीटखालच्या कागदपत्रांच्या पिशवीत चिठ्ठीवर लिहून ठेवा. उद्या कुठल्या गॅरेजात कोणी स्क्रूला हात लावला तरी तो किती फेऱ्यांवर होता ते तुम्हाला सांगता येईल.